जांभळा धागा

शस्त्रक्रियेचे धागे मी अजूनही डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखेन. सिल्क मऊ, सांगाल तसा वळणारा. कॅटगट ओलसर, किंचित फुगलेला. मेंढ्या-गुरांच्या आतड्यापासून केलेला हा धागा मांजराच्या नावानं का ओळखला जातो, असं दर वर्षी एक तरी नवी विद्यार्थिनी मला विचारायची. प्रोलीन निळा, गुळगुळीत, एकदा शरीरात गेला की जन्मभर तसाच राहणारा. व्हिक्रिल जांभळा, बारीक पेडांचा. आणि पीडीएस. तोही जांभळाच, पण एकपदरी. पाकिटात जशी वेटोळी घालून ठेवलेला असेल तशीच वेटोळी बाहेर काढल्यावरही धरून बसतो. आम्ही म्हणायचो, या धाग्याला मेमरी आहे. दोन बोटांत धरून हळूच ताणायचा, त्याची ती सवय मोडायची आणि मग सर्जनच्या हाती द्यायचा.

एकतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. सुरुवातीच्या काळात रिळावरचा लिननचा दोरा सुईच्या नेढ्यातून ओवून दिलाय, पुढे सुईसकट येणारे धागे आले. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की आतला भक्कम पडदा शिवायला पीडीएस लागायचा. पॉलीडायॉक्सॅनोन हे त्याचं पूर्ण नाव. काही आठवडे तो जखम घट्ट धरून ठेवतो, मग शरीरातलं पाणीच त्याला हळूहळू तोडत जातं आणि सहा-आठ महिन्यांत त्याचा मागमूस उरत नाही. तोवर शरीरानं आपलं आपण शिवून घेतलेलं असतं. सगळ्या धाग्यांत माझा जीव याच्यावर जास्त होता.

म्हणून दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीनं फोनवर सांगितलं, "अक्का, मी चेहऱ्यात धागे घालून घेणार आहे," तेव्हा माझा पहिला प्रश्न तोंडातून आपोआपच आला, "कुठले धागे?"

"ते काय ते पीडीओ."

पीडीओ म्हणजे पीडीएसचंच दुसरं नाव. ज्या धाग्यानं मी शेकडो पोटं शिवायला मदत केली, तोच धागा आता ओघळलेला गाल वर ओढून धरायला माझ्या बहिणीच्या चेहऱ्यात जाणार होता. मला राग आला. इतका, की मी फोन ठेवून दिला.

नंदा त्रेपन्न वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. तिचे मिस्टर जाऊन त्या वेळी चार वर्षं झाली होती. मला वाटलं, एकटेपणानं तिला काहीतरी सुचतंय, कोणीतरी जाहिरात दाखवलीय. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. समजूत घालायला गेले, असं मीच मला सांगत होते. खरं तर रागवायला गेले होते.

ती भाकरी थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "पोरं मला विचारतात, बाई, रागावलाय का? मी फळ्यावर लिहून वळते, कोणावरही रागावलेली नसते, तरी पहिल्या बाकावरची पोरं गप्प होतात. शिक्षकांच्या खोलीत गेलं की कोणीतरी म्हणतं, दमलात का, बरं नाही का. त्याला जाऊन चार वर्षं झाली, अक्का. मी रडायची थांबले. चेहरा थांबला नाही."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठांचे दोन्ही कोपरे खाली ओढलेले. तिथून हनुवटीकडे उतरणाऱ्या दोन रेघा. डॉक्टर त्यांना मॅरिओनेट रेषा म्हणतात, कारण कळसूत्री बाहुलीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना अशाच चिरा असतात. जबड्याची कडा, जी तिच्या लग्नाच्या फोटोत पेन्सिलीनं ओढल्यासारखी दिसते, ती मधेच तुटलेली. गालातलं मांस तिथे येऊन साठलेलं.

हे का होतं, ते थोडं सांगायला हवं, कारण बायकांना याचं उत्तर "वय" या एका शब्दात मिळतं आणि ते अपुरं आहे. चेहऱ्याची कातडी हाडावर नुसती पांघरलेली नसते. कातडीखाली चरबीच्या लहान-लहान गाद्या असतात, प्रत्येक आपल्या कप्प्यात. त्याखाली स्नायूंना जोडलेला एक चिवट पडदा. 1976 मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जनांनी तो नीट वर्णन करून सांगितला. आणि जागोजागी हाडापासून कातडीपर्यंत जाणारे बंध, गादी सरकू नये म्हणून आपण आरपार टाके घालतो तसे. वयाबरोबर गाद्या काही ठिकाणी विरळ होतात, काही ठिकाणी घसरतात. बंध सैल पडतात, पण सगळे सारखे नाही. हनुवटीजवळचा बंध आपली जागा धरून राहतो आणि वरून उतरलेला गाल त्याच्या मागे अडतो, बांधाला पाणी अडावं तसा. खालचं हाडही झिजतं. आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाचेक वर्षांत बाईच्या कातडीला घट्ट ठेवणारं कोलॅजन जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी होतं. नंदाची पाळी आणि नंदाचा नवरा एकाच वर्षी गेले. लोकांना तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसत होतं. त्यातलं किती दुःख आणि किती पाळीबरोबर ओसरलेलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक, हे कोण वेगळं करणार?

तरीही माझा राग गेला नव्हता. त्याचं कारण मी तिला सांगितलं नाही, इथे सांगते. मी वडिलांवर गेलेय, नंदा आईवर. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ती फार कडक होती, कमी बोलणारी, पण शेवटच्या काही वर्षांत मी तिचं सगळं केलं आणि तेव्हा तिचा चेहरा मला पाठ झाला. आता नंदा ताटावर वाकली, की तिच्या ओघळलेल्या गालात, हनुवटीच्या त्या घडीत मला आई दिसायची. अगदी क्षणभर. त्या क्षणासाठी मी दर महिन्याला तिच्याकडे जायचे. आणि ती तो चेहरा ओढून वर घेणार होती.

पहिल्यांदा आम्ही गेलो त्या ठिकाणाचं नाव मी लिहीत नाही. भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो, काचेच्या टेबलावर माहितीपत्रकं. डॉक्टर भेटलेच नाहीत. एक मुलगी समोर बसली, गोड बोलत होती, तिचाही दोष नसावा. जेवणाच्या सुट्टीत होतं, दहा वर्षं कमी दिसाल, हप्ते पाडून देऊ. मी विचारलं, धागा कुठला? "कोरियन आहे मॅम." कशाचा? किती दिवसांत विरघळतो? घालणार कोण, त्यांचं शिक्षण काय? गालातून चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या जातात, लाळेची नळी जाते, त्यांना इजा झाली तर काय कराल? ती मुलगी आत विचारायला गेली आणि परत येऊन म्हणाली, आज बुकिंग केलंत तर सूट आहे. मी नंदाचा हात धरून तिला उठवलं. जिन्यात ती रडली. "तुला हेच हवं होतं ना," म्हणाली.

ते मला लागलं. तिथेच ठरवलं, आता हिला थांबवायचं नाही. हिला नीट माणसापर्यंत न्यायचं.

माझ्या जुन्या ओळखीतून पुण्यातल्या एका प्लास्टिक सर्जन बाईंचं नाव मिळालं. कोयना एक्स्प्रेसनं गेलो. बाईंनी नंदाला आरशासमोर बसवलं, दोन बोटांनी गाल कानाकडे किंचित सरकवला आणि म्हणाल्या, "धाग्यानं एवढंच होईल. याहून जास्त कोणी कबूल केलं तर विश्वास ठेवू नका." मग म्हणाल्या, "आणि हे साधारण वर्षभर. फार तर दीड. कातडी फार सैल असती तर मी नाहीच म्हटलं असतं. मग खरं ऑपरेशन, कानापुढे चीर, आतला पडदा उचलणं. तुमचं मध्यम आहे." नंदानं विचारलं, "मी तरुण दिसेन?" बाई म्हणाल्या, "नाही. झोप झालेली दिसाल." नंदा हसली. मला त्या बाई तिथेच पटल्या.

माझी धाग्यांची आवड कळल्यावर त्यांनी मला जास्त सांगितलं. चेहऱ्यात घालतात तो धागा साधा नसतो, त्याला बारीक काटे असतात. काटेरी धाग्याची ही कल्पना जुनी. 1964 मध्ये अमेरिकेत जॉन अल्कामो यांनी तिचं पेटंट घेतलं होतं, तेही जखमा शिवण्यासाठी. चेहरा कोणाच्या मनातही नव्हता. ओघळलेल्या चेहऱ्यासाठी काटेरी धागा वापरात आणला तो 1990 च्या दशकाच्या शेवटी मॉस्कोत, मार्लेन सुलामानिद्झे या सर्जननी. त्यांचे सुरुवातीचे धागे पॉलीप्रॉपिलीनचे होते. म्हणजे आमच्या प्रोलीनच्या जातीचे, न विरघळणारे. चेहरा मात्र थांबत नाही. तो बदलत राहतो आणि धागा आपल्या जागी राहतो. मग कुठे कातडीखाली दोरी दिसते, कुठे टोक बाहेर येतं, काढायचा म्हटलं तर काटे सोडत नाहीत. पुढे विरघळणारे धागे आले: पीडीओ, त्याहून जास्त टिकणारे पॉलीलॅक्टिक अ‍ॅसिडचे, कॅप्रोलॅक्टोनचे. "जो धागा जातो तोच चेहऱ्यात घालावा," बाई म्हणाल्या. मी मान हलवली. हे मला कोणी समजवायची गरज नव्हती.

त्या काट्यांची रचना कशी असते, ते गावाकडच्या माणसाला लगेच कळेल. रानातून आलं की पदराला कुसळ लागतं. ते पुढे सरकत जातं, मागे ओढलं तर अडतं. तसंच. धाग्याच्या एका अर्ध्यावरचे काटे एका दिशेचे, दुसऱ्या अर्ध्यावरचे उलट दिशेचे, म्हणजे दोन्हीकडून मांस धरलं जातं आणि मधल्या बाजूला गोळा होतं. ना गाठ, ना टाका.

बाहेर बाकावर बसलो असताना नंदा हळूच म्हणाली, "हे चोचलेच ना, अक्का? नवरा नसलेल्या बाईनं." मी तिला नाकाची गोष्ट सांगितली. आमच्या शिकण्याच्या काळात एका सरांनी सांगितलेली. टिपूशी चाललेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला एक बैल हाकणारा मराठी माणूस पकडला गेला. इंग्रजी नोंदीत त्याचं नाव कावसजी असं येतं. 1792 मध्ये टिपूच्या माणसांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग या पुण्याच्याच जवळ एका माणसानं, जातीनं विटा भाजणारा असं लिहिलंय, त्याला नवं नाक बसवलं. मेणाचं नाक करून मापाला लावलं, ते कपाळावर सपाट पसरून आखलं, तेवढी कातडी उचलून खाली वळवली. दोन इंग्रज सर्जननी ते डोळ्यांनी पाहिलं. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं आणि वीस वर्षांनी जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तसंच ऑपरेशन करून दाखवलं. त्या माणसाला श्वास तर कापल्या नाकानंही घेता येत होता. नाक त्याला लोकांत जायला हवं होतं.

"माझं नाक कोणी कापलं नाही," नंदा म्हणाली.

"नाही. पण लोकांत तर तुलाही जायचंय."

सुश्रुतानं टाक्यांसाठी सांगितलेल्या धाग्यांत एक धागा अश्मंतकाच्या सालीचा आहे. अश्मंतक म्हणजे आपटा. दसऱ्याला ज्याची पानं आपण सोनं म्हणून देतो तो. ताग, जवस, केस, मोरवेल, गुळवेल, असे बरेच धागे त्यानं सांगितलेत. ते वाचल्यापासून दर दसऱ्याला आपट्याचं पान हातात घेतलं की मला टाका आठवतो.

दिवाळीच्या सुट्टीत ते झालं. बाईंनी मला आत उभं राहू दिलं, मी गाऊन-टोपी घातली, पाच वर्षांनी. खुणा बसवून केल्या; आडवं झालं की गाल कानाकडे जातो आणि खोटा चेहरा दिसतो, म्हणून. कपाळाच्या कडेला, केसांत, भूल दिली: लिग्नोकेन आणि रक्त कमी यावं म्हणून थोडं अ‍ॅड्रेनालिन. बारीक छिद्र. त्यातून बोथट तोंडाची लांब नळी कातडीखालच्या चरबीत शिरली आणि गालातून ओठाच्या कोपऱ्याच्या अलीकडे आली. नळी किती खोल न्यायची, हेच सगळं कसब. वर राहिली तर कातडीला खळगा पडतो, खाली गेली तर नसेची भीती. बाईंचा डावा हात बाहेरून नळीचं टोक चाचपत होता. त्या बघत कमी होत्या, ऐकत असल्यासारख्या दिसत होत्या. नळी मागे घेतली, धागा आत राहिला. बाहेर आलेलं टोक धरून त्यांनी गाल हळूहळू वर सारला. आणि मला तो दिसला, केसांच्या कडेला, दोन इंच. जांभळा.

प्रत्येक बाजूला चार. पाऊण तासात झालं. टोकं कातडीलगत कापून आत सोडून दिली. नंदाला दुखलं नाही, पण नंतर म्हणाली, कानात करकर ऐकू येत होतं, नवं कापड फाडल्यासारखं.

पुढचे पंधरा दिवस ती मिरजेला माझ्याकडे होती. उताणं झोपायचं, डोक्याखाली दोन उश्या. तोंड मोठं उघडायचं नाही, जांभईसुद्धा हनुवटी धरून. भाकरी बंद, खिमट, आंबील, मऊ भात. गाल चोळायचा नाही, दाताच्या डॉक्टरकडे जायचं नाही. तिसऱ्या दिवशी डोळ्याखाली हिरवट-काळं आलं आणि डाव्या गालावर एक खड्डा दिसायला लागला, उशीला बटण टाचलंय असा. ती आरशासमोरून हलेना. मी फोन केला, फोटो पाठवला, बाई म्हणाल्या, दोन आठवडे थांबा, नाही गेला तर मी सोडवेन. मी थिएटरमध्ये याहून शंभरपट भयंकर पाहिलंय, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. बहिणीच्या गालावरचा खड्डा वेगळा असतो. दहाव्या दिवशी तो भरला.

सगळ्यात कठीण न हसणं होतं. आम्ही दोघी लहानपणापासून एकमेकींकडे बघितलं तरी हसतो. पंधरा दिवस ती एका खोलीत आणि मी दुसऱ्या, अशा बोलत होतो.

एका संध्याकाळी तोंडाला ओढणी गुंडाळून ती माझ्याबरोबर फिरायला आली. सतारमेकरांच्या दुकानांवरून गेलो. एक म्हातारे कारागीर नव्या तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर, तारेच्या खाली, दोऱ्याचा बारीक तुकडा केसभर पुढे, केसभर मागे. तार बंद वाजत होती. एका जागी दोरा आला आणि आवाज एकदम उघडला. आम्ही दोघी पायरीशी उभ्या राहिलो. त्यांनी पुन्हा वाजवून दाखवलं, आमच्यासाठी.

शाळा उघडली. कोणाला काही कळलं नाही. गालांवरची सूज उतरली होती आणि फरक इतका बारीक होता की त्याला नाव देता येऊ नये. फक्त पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, नवीन चष्मा घेतलाय का?" नंदानं त्या रात्री मला हे सांगायला फोन केला, दोनदा.

मी मात्र ते वर्षभर तिच्याकडे गेले की काहीतरी शोधत राहायचे आणि ते सापडायचं नाही. ती छान दिसायची. झोप झालेली. ताटावर वाकली तरी नंदाच दिसायची.

मागच्या गौरींना ती माझ्याकडे होती. धागे घालून दहा महिने होऊन गेले होते. ते कधीच विरघळून गेले असणार. ती खाली बसून करंज्यांच्या कडा कातत होती, मान खाली. आणि हनुवटीच्या बाजूला ती घडी परत आलेली दिसली. पूर्ण नाही, अर्धी. माझा हात पिठातच थांबला.

"काय बघतेस?"

"आईसारखी दिसलीस."

तिनं मनगटानं गाल चाचपला. "उतरलं ना परत?"

"थोडं."

ती काही वेळ कातत राहिली. मग म्हणाली, "अक्का, एक विचारू? आई खरंच रागीट होती का गं?"

मी लगेच हो म्हणणार होते. आई कडक होती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तिनं मला मारल्याची एक आठवण काढायला गेले, तर सापडेना. ओरडल्याचीही फारशी नाही. आठवलं ते एवढंच: शाळेतून आले की ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत असायची, ओठांचे कोपरे खाली, आणि मी चप्पल हातात घेऊन परसातून आत जायचे. सातवीत माझा पहिला नंबर आला तेव्हाही मी तशीच परसातून गेले होते. निकाल तिला संध्याकाळी वडिलांनी सांगितला.

मी नंदाला ते सांगितलं. ती म्हणाली, "मी पण परसातूनच यायचे."

करंज्या तळून झाल्या, तोपर्यंत आम्ही काही बोललो नाही. निघताना पिशवी खांद्याला लावत ती म्हणाली, "नाताळची सुट्टी आहे. बाईंना फोन केला होता. येशील?"

"येते," मी म्हटलं. "कोयनेची तिकिटं काढते."

ती जिना उतरली. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, वळून बघेल म्हणून.